तिघींचा फ्लॅट, एक वही: भाडं, वीजबिल, दूध कसं वाटता?

निळीशाई
नमस्कार मंडळी. पुण्यात कर्वेनगरला आम्ही तिघी एका थ्री बीएचकेत राहतो, गेल्या जूनपासून. खरी नावं इथे घालत नाही. वयाप्रमाणे एक थोरली, मधली मी आणि एक धाकटी. थोरली आयटीत आहे, आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करते. मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. धाकटी सीएची आर्टिकलशिप करतेय. तिचा स्टायपेंड मोजका, बाकी घरून येतात. घरी शेती, त्यामुळे घरचे पैसे कधी वेळेवर, कधी महिना उलटून.

भाडं ३६,०००. राहायला आलो तेव्हा मीच म्हटलं, सरळ भागिले तीन करू, कटकट नको. वीजबिल, वायफाय, पोळीभाजीच्या मावशी, धुणंभांडी, वाणसामान, सिलिंडर, दूध, सगळंच भागिले तीन. वही माझ्याकडे. पाच तारखेला बेरीज सांगायची आणि दोघी मला जीपे करायच्या.

खोल्या मात्र सारख्या नाहीत. थोरलीकडे मोठी, आत बाथरूम आणि गॅलरी असलेली. माझी मधली, रस्त्याकडची. धाकटीच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या बंद पोकळीत उघडते, दुपारी बारालाही लाइट लावावा लागतो आणि कपाट नाही. ती शेवटी आली म्हणून तिच्या वाट्याला ती आली.

मार्चमध्ये ती मला म्हणाली, "ताई, दुधात माझं नाव नको लिहूस. मी चहा ऑफिसातच घेते." मी तिच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि विसरून गेले. मग एका सकाळी साडेसहाला पाणी प्यायला उठले तर ही ओट्याशी उभी राहून कोरा चहा पीत होती. फ्रिजमध्ये दुधाचं पातेलं होतं, वर सायीचा अख्खा थर. तिने हातही लावला नव्हता. मला बघून कप मागे घेतला तिने.

त्यात एप्रिलचं वीजबिल आलं. जानेवारीत २०५ युनिट होते, ते ३९१. एसी फक्त थोरलीच्या खोलीत आहे. धाकटीने एक शब्द न बोलता तिसरा हिस्सा भरला. थोरली वाईट नाही, खरंच नाही. मी ताप येऊन पडले होते तेव्हा तीन रात्री तीच उशाशी होती. तिच्या हे डोक्यातच आलेलं नाही, आणि माझ्याही इतके दिवस आलं नव्हतं.

तुम्ही कसं वाटता? वाटणी बदलायची तर विषय कसा काढायचा? धाकटीला दया दाखवल्यासारखं होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

रोखठोक
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. रूममेट म्हणजे एकत्र कुटुंब नव्हे. टीटीएमएम, तुझं तू माझं मी. कोणाचा पगार किती, कोणाच्या घरून कधी पैसे येतात, हे एकदा हिशोबात आलं की मग प्रत्येक खरेदीला चौकशी सुरू होते. मी सहा वर्षं चार वेगवेगळ्या घरांत राहिलो. समान वाटणीची घरं टिकली. "तुला परवडतं, तू जास्त दे" असं जिथे झालं तिथे दोन महिन्यांत तोंडं फिरली. धाकटीला परवडत नसेल तर तिने पेइंग गेस्ट म्हणून राहावं, त्यात कमीपणा नाही.

पेठेतला
आम्ही सदाशिव पेठेत चौघं एमपीएससीवाले एका खोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका कॉटचं भाडं देऊन होतो. वहीच नव्हती. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. एक तारखेला प्रत्येकाने त्यात ठरलेली काँट्री, म्हणजे वर्गणी टाकायची. चहापत्ती, साखर, दूध, साबण, झाडू, पाण्याचा जार, सगळं डब्यातून. डबा रिकामा झाला की पुन्हा सगळ्यांनी सारखी भर घालायची. कोणी काय खाल्लं याची नोंद नाही, त्यामुळे कोणाच्या रकान्यात रेघही नाही. एकाचे पैसे गावाकडून उशिरा यायचे, तो दहा तारखेला टाकायचा. कोणी विचारत नसे, कारण टाकताना कोणी बघतच नसे.

ताई, तुमच्या धाकटीला दूध महाग झालं नसणार. वहीत दर महिन्याला आपलं नाव आणि पुढे आकडा दिसतो, तो तिला जड झाला असेल.

वीजवाले_काका
वीजबिलापुरतं बोलतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, त्यापुढे ५०० च्या वर. वरच्या टप्प्यात गेलात म्हणून सगळे युनिट महाग होत नाहीत, फक्त त्या टप्प्यातले होतात. म्हणजे ३९१ पैकी शेवटचे ९१ युनिट तिसऱ्या दराने लागले. ते बहुधा एसीमुळेच लागले, कारण एसी नसता तर तुम्ही ३०० च्या आतच होतात. भागिले तीन केल्यावर तो महाग टप्पा एसी नसलेल्या दोघींच्याही खिशातून गेला.

पण जानेवारी आणि एप्रिल यांची वजाबाकी करून १८६ युनिट थोरलीच्या नावावर टाकू नका. तेही अन्यायाचं होईल. उन्हाळ्यात फ्रिज जास्त चालतो, तिन्ही खोल्यांतले पंखे रात्रभर फिरतात. उलट जानेवारीत गीझर जास्त लागतो. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट झालाच. एसीच्या लाइनवर सब-मीटर, म्हणजे फक्त एसीचे युनिट मोजणारा छोटा मीटर बसवा, इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे.

समजा सब-मीटरवर महिन्याचे १५० युनिट आले. मग एसीशिवाय तुमचं घर २४१ युनिटांचं. २४१ चं बिल दरतक्त्यावरून काढा आणि ते तिघींत समान वाटा. खरं आलेलं बिल आणि हे बिल यातला जो फरक, तो एसीवालीचा. त्यात ५९ युनिट दुसऱ्या टप्प्याचे आणि ९१ तिसऱ्या टप्प्याचे पडतील. वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च), इंधन समायोजन (इंधनाच्या किमतीतला फरक) आणि १६ टक्के वीज शुल्क यांचाही वाढलेला भाग त्या फरकात आपोआप येतो. स्थिर आकार एसी असो नसो तेवढाच राहतो, तो तिघींचा.

आणि घरून काम करणारीच्या लॅपटॉपवरून भांडू नका. लॅपटॉप आणि एक पंखा नऊ तास धरले तर दिवसाला सव्वा युनिटाच्या आतबाहेर. वादाइतकी ती रक्कम होत नाही.

निळीशाई
काका, मनापासून आभार. बिलाच्या मागची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली.
@रोखठोक, राग नाही. पगार हिशोबात आणू नये हे मलाही पटतं. पण मग सुटायचं कसं?

अंकगणित
पगार आणूच नका, खोली आणा. रोखठोक यांचा नियम मला मान्य आहे, फक्त तो इथे पाळला गेलेलाच नाही. तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच किमतीला विकल्या याला टीटीएमएम म्हणत नाहीत. धाकटी डक्टच्या खोलीचे १२,००० देते, थोरली गॅलरीच्या खोलीचे १२,०००. अकरा महिने धाकटीच थोरलीच्या गॅलरीचं भाडं थोडं थोडं भरतेय. तिला सवलत द्यायचा प्रश्नच नाही. तिच्याकडून जास्तीचे जात होते ते थांबवायचे आहेत. विषय असा काढा, म्हणजे दयेचा प्रश्न येणार नाही.

खोल्यांची किंमत कशी ठरवायची? यावर गणितात चांगलं काम झालंय. स्पर्नर नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९२८ मध्ये त्रिकोणाच्या कोपऱ्यांना खुणा देण्याबद्दल एक प्रमेय मांडलं. १९९९ मध्ये फ्रान्सिस सू यांनी ते वापरून दाखवलं की साध्या अटी पाळल्या तर भाड्याची अशी विभागणी असतेच, जिच्यात प्रत्येकाला आपलीच खोली आपल्या किमतीला बरी वाटते, शेजारच्याचा हेवा वाटत नाही. प्रमेय बाजूला ठेवा, घरी करायची रीत सांगतो.

तिघींनी एकमेकींना न दाखवता चिठ्ठीवर तिन्ही खोल्यांची किंमत लिहायची. अट एकच, बेरीज ३६,००० आली पाहिजे. उदाहरणादाखल आकडे धरू.
थोरली: मोठी १५,५००, मधली ११,५००, लहान ९,०००.
तुम्ही: मोठी १४,०००, मधली १२,५००, लहान ९,५००.
धाकटी: मोठी १३,०००, मधली १२,०००, लहान ११,०००.

आता खोल्या अशा द्या की दिलेल्या खोल्यांच्या बोलींची बेरीज सगळ्यात मोठी होईल. इथे मोठी थोरलीला, मधली तुम्हाला, लहान धाकटीला: १५,५०० + १२,५०० + ११,००० = ३९,०००. भाड्यापेक्षा ३,००० जास्त आले, ते प्रत्येकीला हजार-हजार परत. थोरली १४,५००, तुम्ही ११,५००, धाकटी १०,०००. बेरीज ३६,०००.

आता तपासा. धाकटीला तुमची खोली १२,००० ची वाटते आणि ती ११,५०० ला मिळतेय, म्हणजे ५०० चा फायदा. पण स्वतःच्या खोलीत तिला १,००० चा फायदा आहे, म्हणून ती हलणार नाही. थोरली आणि तुमचंही असंच करून बघा. तिघीही आपापल्या बोलीपेक्षा कमी देतायत. शिल्लक समान वाटून दर वेळी इतकं नेमकं बसेल असं नाही, कधी थोडं इकडेतिकडे करावं लागतं, म्हणून ही तपासणी टाळू नका.

रोखठोक
हे पटलं. खोलीप्रमाणे भाडं हा माझ्याच म्हणण्याचा भाग धरा. पेइंग गेस्टचं मी घाईने लिहिलं, ते मागे घेतो.

गिरणगावकर
माझे वडील १९६० च्या दशकात लालबागला आमच्या गावमंडळाच्या खोलीत राहायचे. कोकणातल्या अनेक गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. दहा बाय बाराच्या जागेत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकजण उठला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत, महिन्याच्या बोलीवर. संपाच्या दिवसांत या खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर गिरणी कामगारांना जेवू घातलं. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

खोलीचा एक नियम वडील नेहमी सांगायचे. भाड्याची वर्गणी सगळ्यांना सारखी. पण गावाहून नवा पोरगा आला आणि बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काम शोधत असला, की त्याला काम लागेपर्यंत वर्गणी माफ. कोणाच्या मेहेरबानीचा त्यात संबंध नव्हता, तो खोलीचा नियमच होता. जो आज भरत होता तोही कधीतरी असाच फुकट राहिला होता. त्यामुळे कोणाची मान खाली जात नसे. वडील १९५९ ला आले तेव्हा पाच महिने त्यांचे कोणीतरी भरले. पुढे त्यांनी किती जणांचे भरले याची यादी कुठेच नाही.

तुमच्या घरातही उशिराबद्दल असा नियम आधीच करून टाका. "कोणाचेही पैसे एक महिना मागे राहिले तर चालतील" असं तिघींसाठी लिहा. नुसतं धाकटीसाठी लिहू नका.

म्युनिकवासी
गिरणगावकर, वाचून गलबलून आलं.

मी इथे जर्मनीत शिकताना तिघांसोबत राहिले, या सामायिक घराला इथे 'वेगे' म्हणतात. खोलीच्या आकाराप्रमाणे भाडं ही इथे इतकी रुळलेली गोष्ट आहे की घर बघायला गेलं की आधी खोलीचे चौरस मीटर सांगतात. काही खर्च मात्र डोक्याप्रमाणे नसून घराप्रमाणेच असतो. उदाहरणार्थ, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क. घरात एक माणूस असो की पाच, महिन्याला १८.३६ युरो एकदाच. तुमचं वायफाय तसंच, त्यात हिशोब कसला करायचा!

मला वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. आमच्या फ्रिजवर पुठ्ठ्याचं एक चक्र लावलेलं असायचं, त्यावर स्वयंपाकघर, बाथरूम, कचरा आणि खरेदी अशी कामं. दर रविवारी ते एक घर पुढे सरकवायचं. पैशाची वही सगळेच ठेवतात, कामाची कोणी ठेवत नाही. निळीशाई, तुझ्या घरी सिलिंडर कोण बुक करतं? मावशी आल्या नाहीत तर फोन कोण करतं? दर महिन्याला वही कोण लिहितं? या तिन्हीचं उत्तर "मी" असेल, तर तू गेले अकरा महिने जास्तीचं भरतेयस. फक्त ते पैशात नाही.

निळीशाई
तिन्हीचं उत्तर "मी" आहे. यावर काय बोलावं कळत नाहीये. रात्री नीट वाचते.

सातारी
मावशींचं बघा. आमच्याकडे एकजण पंधरा दिवस गावी गेली की म्हणायची, माझ्या पोळ्यांचे पैसे कापा. मावशी माणशी पैसे घेतात हे खरं, पण त्यांनी महिना तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. अर्ध्या महिन्याचे कापले तर त्यांच्या घरचं गणित कोलमडतं. आम्ही ठरवलं, मावशींचा पगार आणि दिवाळीचा बोनस कधीही कापायचा नाही. आणि पाहुणा चार दिवसांपेक्षा जास्त राहिला तर त्याच्या पोळ्यांचे जादा पैसे ज्याचा पाहुणा त्याने द्यायचे.

घरमालकीण
मी घर भाड्याने देते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. करारावर तिघींची नावं आहेत का ते आधी बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार एकीच्याच नावावर असेल आणि बाकीच्या तिला पैसे देत असतील, तर घर सोडताना डिपॉझिट तिच्याच खात्यात परत येतं. मग तिथून वाद सुरू होतात. माझ्याच फ्लॅटमध्ये दोन मुलांचं असं झालं, रंगकामाचे कापलेले पैसे कोणाच्या वाट्याचे यावरून. शेवटी मी दोघांना समोर बसवून दोन चेक लिहिले.

भाड्याची पावतीही आपापल्या हिश्श्याची घ्या. एकीने सगळं भाडं माझ्या खात्यात टाकलं म्हणून अख्ख्या ३६,००० वर तिने घरभाडे भत्त्याची करसवलत मागायची नसते. जिचा जेवढा वाटा, तेवढ्यावरच. आणि जिचा वाटा वर्षाला एक लाखाच्या वर जातो तिला कंपनीत मालकाचा पॅन द्यावा लागतो. मालकाने तो द्यायला कुरकुर करू नये, मी करत नाही.

आजीचीवही
ॲप वापरा असं अजून कोणी म्हटलं नाही म्हणून लिहिते. स्प्लिटवाइज आम्ही दोन वर्षं वापरलं. सहलीला फार छान. पण घरात त्यातली "देणी सोपी करा" ही सोय चालू ठेवली आणि गोंधळ झाला. मी दुधाचे एकीला देणं लागत होते, ती गॅसचे दुसरीला, तर ॲप मला सांगतंय की मी त्या दुसरीलाच थेट द्यायचे. आकडा बरोबर होता, पण जिच्याशी माझा काही व्यवहारच नाही तिला पैसे का देतेय ते कळेना. तिलाही कळेना मी का देतेय. घरासाठी ती सोय बंद ठेवा.

निळीशाई
मंडळी, रविवारी बसलो. जसं झालं तसं लिहिते.

मी हा धागा दोघींना दाखवला नाही. अंकगणित यांचं वाक्य तेवढं माझ्या शब्दांत सांगितलं, की खोल्या तीन प्रकारच्या आहेत आणि भाडं एकाच प्रकारचं आहे. थोरली दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी शेवटपर्यंत घर शोधलं म्हणून मोठी खोली माझी." खरंच होतं ते, घर शोधायला तिने तीन शनिवार घालवले होते. ते काम आम्ही दोघींनी कधी मोजलंच नव्हतं! म्युनिकवासी, तुमचा मुद्दा तिच्या बाजूनेही निघाला.

चिठ्ठ्या लिहिल्या. खरे आकडे इथे देत नाही, पण धाकटीचं भाडं १२,००० वरून १०,००० च्या जरा खाली आलं आणि थोरलीचं १४,००० च्या वर गेलं. माझं जवळपास तेवढंच राहिलं. थोरलीने मागच्या अकरा महिन्यांचा फरक द्यायची तयारी दाखवली. धाकटीने ठाम नाही म्हटलं. "तेव्हा मीही हो म्हणाले होते," एवढंच बोलली. मग एक तारखेपासून पुढे, असं ठरलं.

वीजबिल काकांच्या पद्धतीने. दूध, चहा, साखर, मीठ, साबण, पाण्याचा जार यांची वही बंद. पेठेतला यांच्यासारखा डबा केलाय, श्रीखंडाचा रिकामा, फ्रिजवर. काँट्री तिघींची सारखी, आणि महिनाभर उशीर कोणालाही चालेल हे दाराच्या आत कागदावर लिहिलंय, तिघींच्या सहीने. मावशींचा पगार कापायचा नाही, यावर तिघी लगेच हो म्हणालो.

वही धाकटीने मागून घेतली. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासते, म्हणाली, घरचीही तपासते. रात्री माझे जुने हिशोब उलटून पाहिले आणि दोन चुका काढल्या. ऑक्टोबरमध्ये सिलिंडर मी दोनदा धरला होता, एकदा बुकिंगला आणि एकदा आल्यावर. तिचे तीनशेच्या वर गेलेले होते. मी लगेच जीपे केले. दुसरी चूक माझ्या विरुद्ध होती, तीही तिने तितक्याच बारकाईने लाल पेनाने खूण करून दाखवली. सिलिंडर आणि वायफाय आता थोरलीकडे, मावशींशी बोलणं माझ्याकडे. तीन महिन्यांनी अदलाबदल.

अंकगणित
फार बरं वाटलं. चिठ्ठ्या जपून ठेवा, करार नवा करताना लागतील.

घरमालकीण
सब-मीटर बसवण्याआधी मालकांना विचारलंत ना? आणि डिपॉझिटचं काय ठरलं?

निळीशाई
हो, काल फोन केला. हरकत नाही म्हणाले, फक्त वायरिंग उघडं ठेवू नका आणि जाताना काढून न्या. इलेक्ट्रिशियन शनिवारी सकाळी येतोय. डिपॉझिट ९०,००० आहे, तीस-तीस हजार दिलेले. ते परत येणारच आहेत म्हणून वाटणी बदलली नाही. पण करारावर धाकटीचं नाव नाही हे आत्ता पाहिलं, ती नंतर आली ना. जूनमध्ये नूतनीकरण आहे, तेव्हा तिघींची नावं घालायची असं मालकांशी बोलून घेतलंय.

वीजवाले_काका
शनिवारी मीटर बसल्या बसल्या सुरुवातीचं रीडिंग फोटो काढून तिघींच्या ग्रुपवर टाका. आणि महावितरणच्या मीटरचं रीडिंग घेतात त्याच तारखेला दर महिन्याला सब-मीटरचंही घ्या. तारखा मागेपुढे झाल्या की हिशोब जुळत नाही.